चार तासांचा एक फोटो

गच्चीवर मोबाइल टेकवून चांदण्यांचा फोटो काढायचा प्रयत्न तुम्हीही केला असेल. तीस सेकंद मोबाइल हलू न देणंसुद्धा जड जातं ना? मग आयझॅक रॉबर्ट्‌सला भेटाच.

१८२९ मध्ये वेल्समध्ये जन्मलेला हा माणूस पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हताच. लिव्हरपूलमध्ये एका बिल्डरकडे उमेदवारी करता करता तो स्वतःच मोठा कंत्राटदार झाला. हाती पैसा आल्यावर त्याने २० इंची आरशाची दुर्बीण घेतली आणि तिला फोटोची काच जोडली. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीणही ताऱ्यांबरोबर सरकवत ठेवावी लागते. जरा चुकलं की ताऱ्यांच्या रेघा! २९ डिसेंबर १८८८ च्या रात्री त्याने देवयानीच्या तेजोमेघाला तब्बल चार तास एक्स्पोजर दिलं. डोळ्यांना नुसता धुरकट डाग दिसायचा, तिथे काचेवर चक्क सर्पिल वळसे उमटले.

रॉबर्ट्‌सला वाटलं, इथे नवी सूर्यमाला घडतेय. तिथे तो चुकला. ती आपल्या आकाशगंगेसारखीच एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे १९२० च्या दशकात एडविन हबलने दाखवलं. रॉबर्ट्‌स तर १९०४ मध्येच गेला होता. पण त्याने आपले फोटो कपाटात कोंडले नव्हते. तारीख आणि एक्स्पोजरच्या नोंदींसह ते पुस्तकांत छापून त्याने सगळ्यांपुढे ठेवले होते. त्याच्यामागे त्याची खगोलशास्त्रज्ञ पत्नी डोरोथिया क्लुम्पके हिने ते काम पुढे नेलं.

तेव्हा तुमच्या फोटोतल्या ठिपक्याचा अर्थ आज नाही लागला, तरी बिनधास्त शेअर करा. फक्त तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका!