डोंगरावरच्या श्वासाचा हिशेब मांडणाऱ्या मेबलबाई

मैत्रिणींनो, हल्ली आपल्याकडे लेह-लडाखच्या सहली फार निघतात. तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, असं टूरवाले बजावून सांगतात. आणि त्याच लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, पोरं मस्त हुंदडत असतात! त्यांच्या रक्तात असं काय वेगळं असतं? या कोड्याचा मोठा भाग ज्यांनी उलगडला, त्या मेबल फिट्झजेराल्ड यांच्याबद्दल मला लिहायचं होतंच.

त्यांचा जन्म १८७२ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचा. मुलींचं शिक्षण तेव्हा घरातच. आईवडील गेल्यावर बहिणींसोबत त्या ऑक्सफर्डला आल्या आणि शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गांना जाऊन बसू लागल्या. बसायची परवानगी होती, पदवी मात्र मिळायची नाही. ती बायकांना मिळू लागली १९२० पासून.

तिथे हॉल्डेन या मोठ्या शास्त्रज्ञाबरोबर काम करताना त्यांनी फुप्फुसांतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. पुरुषांचा, बायकांचा आणि मुलांचाही. पुरुषांपेक्षा बायका-मुलांत तो कमी भरला. १९०५ मध्ये हे छापून आलं. मुलांना वेगळं मोजायला हवं, हे तेव्हा सुचलं याचंच मला कौतुक वाटतं.

१९११ मध्ये हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर मुक्कामाला गेले. ते सगळे पुरुष. मेबलबाई मात्र उपकरणं घेऊन एकट्याच खाणकामगारांच्या डोंगरी वस्त्यांतून हिंडल्या. वय एकोणचाळीस! तिथे कायम राहणाऱ्या लोकांचा श्वास आणि रक्त त्यांनी तपासलं. उंची वाढेल तसा कार्बन डायऑक्साइड अगदी हिशेबात कमी होत जातो आणि हिमोग्लोबिन वाढत जातं, हे त्यांनी १९१३ मध्ये मांडलं.

आता यातली गंमत बघा. विरळ हवेत श्वास जास्त घ्यावा लागतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा तोल अल्कलीकडे झुकतो. मग मूत्रपिंडं काही दिवसांत बायकार्बोनेट बाहेर टाकून तो तोल बराचसा सावरतात. म्हणूनच लेहच्या धडधाकट मुलाच्या रिपोर्टात हे दोन्ही आकडे मुंबईच्या तक्त्यापेक्षा कमी दिसतात. तक्ता बदलला नाही, तर निरोगी मूल आजारी ठरायचं.

हिमोग्लोबिनचं उलट. आमच्या मंडळाच्या शिबिरात मुलींचं हिमोग्लोबिन तपासतो, तेव्हा ठरलेल्या आकड्याखाली गेली की गोळ्या सुरू. पण डोंगरावर तोच आकडा फसवा. तिथे आकडा बरा दिसूनही मुलगी पंडुरोगी असू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना उंचीप्रमाणे हा निकष वाढवायला सांगते.

पुढे १९१५ मध्ये मेबलबाई एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत पॅथॉलॉजीच्या कामाला लागल्या. नंतर ऑक्सफर्डला परतून बहिणींची सेवा. (हे आपल्याला ओळखीचंच, नाही का?) त्यांचा आलेख पुस्तकांतून शिकवला जात होता, तो काढणारी बाई त्याच गावात राहते, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. हॉल्डेन यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणजे १९६० च्या आसपास, त्या पुन्हा सापडल्या. ऑक्सफर्डने त्यांना मानद एम. ए. दिली ती १९७२ मध्ये. तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.