बेचाळिसाव्या रस्त्याचा नाट्यवेडा

न्यूयॉर्कमधील टाइम्स स्क्वेअर आज नाटकांसाठी, दिव्यांच्या जाहिरातींसाठी आणि प्रवाशांच्या गर्दीसाठी जगभर ओळखला जातो. तेथील जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि जेथे जमिनीला असा भाव येतो तेथे जुने नाट्यगृह ही मालकाला अडचण वाटू लागते. या परिसरातील जुनी नाट्यगृहे ठेवावीत की पाडावीत, यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत तेथे मोठा संघर्ष झाला. हा परिसर नाट्यव्यवसायाच्या नकाशावर आणण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे चरित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ यांचे गीतकार म्हणून सर्वश्रुत असलेले ऑस्कर हॅमरस्टाइन दुसरे हे त्यांचे नातू.

एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात प्रशियातील श्टेटिन शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात संगीताचे शिक्षण मिळत होते. पण वडिलांचा जाच सहन न होऊन मुलाने आपले व्हायोलिन विकले व त्या पैशावर अमेरिका गाठली, अशी हकिगत सांगितली जाते. १८६४च्या सुमारास, यादवी युद्ध चालू असताना, ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि सिगारच्या कारखान्यात अल्प मजुरीवर लागले. हाताने वळल्या जाणाऱ्या सिगारचे काम यंत्राने होऊ शकेल हे त्यांच्या चटकन ध्यानात आले. अशा यंत्रांची एकामागून एक पेटंटे त्यांनी मिळवली. १८७४ मध्ये त्यांनी तंबाखूच्या व्यापाराला वाहिलेले नियतकालिक काढले. पैसा आला, परंतु तो साठवण्याची वृत्ती त्यांच्यापाशी नव्हती. तंबाखूतून मिळवायचे आणि रंगभूमीवर उधळायचे, असा त्यांच्या पुढील आयुष्याचा क्रम ठरून गेला.

१८८९ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये ऑपेरा हाउस उभारले. शहर उत्तरेकडे वाढत होते आणि वाढत्या वस्तीला नाट्यगृह लागेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच रस्त्यावर दुसरे नाट्यगृह बांधले. १८९२ मध्ये चौतिसाव्या रस्त्यावर तिसरे उभे राहिले. तेथे भागीदारांशी बेबनाव होऊन त्यांना बाहेर पडावे लागले. १८९६ मध्ये एडिसनच्या नावाने पुढे आलेल्या व्हिटास्कोप यंत्रावर चित्रपट दाखवले गेले ते याच वास्तूत. परंतु ही कीर्तीही तिला वाचवू शकली नाही. काही वर्षांतच ती पाडली गेली आणि त्या जागी मेसीज हे प्रचंड दुकान आले. नाट्यगृहापेक्षा दुकान अधिक किफायतशीर, हा धडा न्यूयॉर्कने असा फार लवकर गिरवला होता.

त्या वेळी लाँगएकर स्क्वेअर या नावाने ओळखला जाणारा चौक घोडागाड्यांच्या कारखान्यांचा आणि तबेल्यांचा होता. हॅमरस्टाइन यांनी १८९५ मध्ये तेथे ‘ऑलिंपिया’ बांधले. एकाच इमारतीत संगीतगृह, नाट्यगृह आणि गच्चीवर उद्यान असा तो अवाढव्य पसारा होता आणि चव्वेचाळिसाव्या रस्त्यापासून पंचेचाळिसाव्यापर्यंतची ब्रॉडवेची संपूर्ण दर्शनी बाजू त्याने व्यापली होती. खर्च पेलला नाही. १८९८ मध्ये गहाण पडलेली ही वास्तू त्यांच्या हातून गेली. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. त्यांनी मात्र वर्षभराच्या आत, जुने सामान मिळेल तेथून जमवून, बेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘व्हिक्टोरिया’ उभे केले आणि २७ सप्टेंबर १९०० रोजी त्याच्या शेजारी ‘रिपब्लिक’ उघडले. दोन्हींच्या गच्चीवर मिळून जे उद्यान होते त्यात डच खेड्याचा देखावा उभारून खरीखुरी गाय बांधली होती. १९०४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ चौकात आला आणि चौकाला नवे नाव मिळाले. तोवर नाटकवाल्यांची रीघ तेथे सुरू झाली होती.

व्हिक्टोरियाचा कारभार त्यांचे चिरंजीव विली पाहत. तेथील विविध मनोरंजनाच्या खेळांतून येणारा पैसा वडिलांनी आपल्या खऱ्या ध्यासामागे लावला. तो ध्यास ऑपेराचा होता. ३ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी चौतिसाव्या रस्त्यावर नवे मॅनहॅटन ऑपेरा हाउस उघडले आणि धनिकांच्या पाठबळावर चालणाऱ्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला एकट्याने आव्हान दिले. नेली मेल्बा, लुईझा टेट्राझिनी, मेरी गार्डन यांच्यासारख्या गायिका त्यांनी आणल्या. देब्युसी आणि रिचर्ड स्ट्राउस यांच्या नव्या कृती अमेरिकेला ऐकवल्या. १९०८ मध्ये फिलाडेल्फियातही भव्य ऑपेरागृह बांधले. चार हंगामांत स्पर्धेने दोन्ही पक्ष जेरीस आले. अखेर १९१०च्या एप्रिलमध्ये मेट्रोपॉलिटनच्या बाजूने १२ लाख डॉलर देण्यात आले आणि दहा वर्षे अमेरिकेत ऑपेरा न करण्याची अट हॅमरस्टाइन यांनी मान्य केली. ती रक्कम त्यांनी लंडनमध्ये ऑपेरागृह बांधण्यात घालवली. १९११ मध्ये उघडलेले ते गृह वर्षभरही चालले नाही. न्यूयॉर्कला परतून त्यांनी लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर आणखी एक बांधले, तेव्हा न्यायालयाने त्यांना कराराची आठवण करून दिली. १९१४ मध्ये विली वारले. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया बंद झाले. १ ऑगस्ट १९१९ रोजी हॅमरस्टाइन यांचे निधन झाले, तेव्हा ऑपेराबंदीची मुदत संपायला काही महिनेच उरले होते.

त्यांच्या वास्तूंचे पुढे काय झाले, हा या चरित्राचा उत्तरार्ध म्हटला पाहिजे. व्हिक्टोरियाच्या जागी चित्रपटगृह आले. ऑलिंपिया १९३५ मध्ये पाडले गेले. लंडनचे ऑपेरागृहही १९५०च्या दशकात गेले. रिपब्लिक मात्र टिकले, आणि तेही कोणी त्याची किंमत ओळखली म्हणून नव्हे. मंदीच्या काळात तेथे हलक्या दर्जाचे ‘बर्लेस्क’ खेळ झाले. १९४२ मध्ये ‘व्हिक्टरी’ हे नाव घेऊन ते चित्रपटगृह बनले. १९७०च्या दशकात तेथे अश्लील चित्रपट लागू लागले. रस्ताच इतका बदनाम झाला होता की तेथे नवी इमारत बांधण्याचे धाडस कोणी करीना. दुर्लक्ष हेच जणू त्या वास्तूचे संरक्षक ठरले.

चौकाच्या अन्य भागांत परिस्थिती निराळी होती. १९८२ मध्ये एका उत्तुंग हॉटेलसाठी ‘हेलन हेज’ आणि ‘मोरोस्को’ यांसह पाच जुन्या नाट्यगृहांच्या वास्तू जमीनदोस्त झाल्या. नटनट्यांनी रस्त्यावर उतरून केलेला निषेध व्यर्थ गेला; पण त्याच्या धक्क्याने शहराच्या वारसा आयोगाने १९८० नंतरच्या दशकात ब्रॉडवेवरील अनेक नाट्यगृहांना कायद्याचे संरक्षण दिले. संरक्षण दिल्यावर प्रश्न उरला पैशाचा. नाट्यगृह बुटके असते, त्याच्या माथ्यावरचा बांधकामाचा हक्क वापरता येत नाही. १९९८च्या नियमांनी हा हक्क नाट्यविभागातील अन्य भूखंडांना विकण्याची व्यापक मुभा दिली आणि त्या व्यवहारातील काही भाग रंगभूमीसाठीच्या निधीकडे वळवला.

बेचाळिसाव्या रस्त्यावर याआधीच वेगळा सौदा झाला होता. तेथे चार कार्यालयीन मनोरे उभारण्याच्या योजनेला १९८४ मध्ये मंजुरी मिळाली. दाव्यांचा पाऊस पडला. १९९० मध्ये सरकारने जागा ताब्यात घेतल्या, तर कार्यालयांची मागणीच ओसरली आणि मनोरे लांबणीवर पडले. नाट्यगृहांसाठी मात्र १९९० मध्ये एक ना-नफा संस्था स्थापन झाली होती. तिने प्रथम हॅमरस्टाइन यांचे रिपब्लिक हाती घेतले. दर्शनी बाजूचा नाहीसा झालेला दुहेरी जिना पुन्हा बांधला, घुमटाभोवतीचे कोरीव बालदेव उजळले आणि डिसेंबर १९९५ मध्ये ‘न्यू व्हिक्टरी’ या नावाने मुलांचे नाट्यगृह सुरू केले. १९९७ मध्ये सरकारी कर्जाच्या आधारे डिस्नेने समोरच्या बाजूचे ‘न्यू ॲमस्टरडॅम’ नूतन केले. सर्वांच्या नशिबी हे भाग्य नव्हते. ‘एम्पायर’ नाट्यगृह १९९८ मध्ये अख्खेच्या अख्खे रुळांवरून १७० फूट सरकवण्यात आले आणि त्याचे प्रेक्षागृह एका बहुपडदा चित्रपटगृहाचे प्रवेशदालन झाले. भिंती राहिल्या, रंगमंच गेला.

जुन्या वास्तू व्यापारी विकासात सापडतात तेव्हा रक्षणकर्ते पवित्र आणि बिल्डर पापी, अशी सरळ विभागणी करण्याचा मोह होतो. हॅमरस्टाइन यांचे आयुष्य तो मोह दूर ठेवावयास लावते. ते स्वतः जमिनीचे जुगारी होते. कर्ज काढून बांधणे, गहाण टाकणे आणि हातचे जाताच पुढच्या चौकात पुन्हा बांधणे हा त्यांचा धर्म होता. आपल्या नाट्यगृहांची स्मारके व्हावीत असा विचार त्यांच्या मनाला शिवला असेल, असे दिसत नाही. पण बांधलेल्या जागेत रोज खेळ झाला पाहिजे, या एका गोष्टीविषयी त्यांनी कधी तडजोड केली नाही. पाडण्यास मनाई करणारा कायदा नसेल तर नाट्यगृह एका रात्रीत जाते. कायदा असून पैसा नसेल तर ते हळूहळू कोसळते. पैसाही असून खेळ नसेल तर एम्पायरप्रमाणे केवळ नक्षीदार कवच उरते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरी किंमत द्यावी लागतेच. बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या बदनाम चित्रपटगृहांबरोबर अल्प पैशांत चित्रपट पाहण्याची गरिबांची सोयही गेली आणि तिची भरपाई कोणी केली नाही. रिपब्लिकमध्ये शाळकरी मुले कमी दरात नाटक पाहतात, ही त्यातल्या त्यात उजवी बाजू. जुने नाट्यगृह वाचवायला निघालेल्या कोणत्याही शहराने वास्तूच्या नकाशाइतकेच लक्ष तिच्या तिकिटाच्या दराकडे आणि रोजच्या कार्यक्रमाकडे दिले पाहिजे.