होरेस बुशनेल : मुलांना चर्चच्या उंबऱ्याआत घेणारे धर्मोपदेशक

विमा कंपन्यांतील नोकरीच्या निमित्ताने हार्टफर्डमध्ये राहिलेल्या मराठी मंडळींना कनेक्टिकटच्या विधानभवनालगतचे बुशनेल पार्क परिचयाचे असेल. हे उद्यान ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते होरेस बुशनेल काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या आयुष्यातील एक मोठा वाद लहान मुलांवरून झाला, आणि तोही स्वपंथीयांशीच.

बुशनेल यांचा जन्म १४ एप्रिल १८०२ रोजी कनेक्टिकटमधील लिचफील्ड परिसरात झाला. वडील शेती करीत आणि जोडीला लोकर पिंजण्याचा व्यवसाय सांभाळीत. आई डोथा धर्मशील होती, पण तिची श्रद्धा उपदेशापेक्षा रोजच्या वागण्यातून दिसे. पुढे मुलांच्या धर्मसंस्कारांविषयी लिहिताना त्यांनी जे मांडले, त्याचे मूळ या घरात होते.

१८२७ मध्ये येलची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत शिकवले, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात काम केले, कायद्याचा अभ्यास केला आणि येलमध्येच अध्यापन पत्करले. मनात शंका घर करून होत्या. १८३१ मध्ये येलमध्ये धर्मजागृतीची लाट आली तेव्हा आपण अलिप्त राहिलो तर आपले विद्यार्थीही मागेच राहतील, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली. वकिलीचा बेत मागे पडला. १८३३ मध्ये ते हार्टफर्डच्या नॉर्थ चर्चचे पाळक झाले आणि त्याच वर्षी मेरी अ‍ॅपथॉर्प यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये चर्चमधील मुलांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. श्रद्धावंतांच्या अर्भकांना बाप्तिस्मा मिळे. पण चर्चचे पूर्ण सदस्यत्व आणि प्रभुभोजनाचा अधिकार, आपल्याला अंतःपालटाचा अनुभव आला आहे अशी साक्ष देणाऱ्यालाच. तो अनुभव बहुधा धर्मजागृतीच्या सभांतून, भावनांच्या कल्लोळात यावा अशी अपेक्षा असे. तोपर्यंत मूल पापीच मानायचे आणि वाट पाहायची. म्हणजे घरचेच मूल, पण ओसरीवर बसवलेले! (याच पंथाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि पुढे अहमदनगरला त्यांचे मोठे केंद्र झाले.)

या व्यवस्थेवर बुशनेल यांनी १८४७ मध्ये बोट ठेवले. त्यांची दोन प्रवचने मॅसॅच्युसेट्सच्या साबाथ स्कूल सोसायटीने पुस्तकरूपाने काढली. ख्रिस्ती घरातल्या मुलाने ख्रिस्ती म्हणूनच वाढावे, आपण कधी परके होतो अशी आठवणही त्याला नसावी, हा त्यांचा सिद्धान्त. मुलाला भाषा येण्याआधीच आईबापांचा सूर, चेहरा, राग आणि धीर त्याच्यात उतरू लागतो, असे ते सांगत. आज हे ओळखीचे वाटते; तेव्हा ते पाखंड वाटले. धर्मशास्त्रज्ञ बेनेट टायलर यांनी जाहीर हल्ला चढवला. माणसाच्या मूळ पापाचे आणि देवाच्या कृपेचे महत्त्वच यात कमी होते, हा आक्षेप होता. तो अगदीच पोकळ नव्हता. संस्थेने पुस्तकाचा प्रसार थांबवला. बुशनेल गप्प बसले नाहीत. आणखी मजकूर जोडून त्याच वर्षी त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा छापले.

हा त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता. एक तान्ही मुलगी ते आधीच गमावून बसले होते, आणि १८४२ मध्ये त्यांचा लहानगा मुलगाही गेला. अनुभवाची साक्ष देण्याइतके वय न झालेल्या मुलाचे देवाच्या घरात स्थान काय, हा प्रश्न त्यांच्या दारात येऊन उभा राहिला होता.

१८४९ मधील पुढच्या ग्रंथावरून त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला. अखेर नॉर्थ चर्चने १८५२ मध्ये स्थानिक चर्चसंघाशी नाते तोडले आणि आपल्या पाळकाला चौकशीच्या फेऱ्यातून सोडवले. मंडळींची ही निष्ठा विशेष म्हटली पाहिजे.

प्रकृती ढासळल्याने १८५९ मध्ये त्यांनी पद सोडले. १८६१ मध्ये मूळ पुस्तकाची विस्तृत आवृत्ती आली, आणि ती वाचताना लेखक बाप असल्याचे जागोजागी जाणवते. वाळूत अंडी टाकून निघून जाणाऱ्या शहामृगाची उपमा ते निष्काळजी पालकांना देतात. मुलांचे खाणेपिणे, खेळ, सुट्टीचे दिवस, कंटाळवाणा रविवार यांवर ते लिहितात. सततच्या दटावणीने मुलाची श्रद्धाच खचते, असे बजावतात. सदस्यत्वाच्या प्रश्नावर त्यांच्यातला वकील जागा होतो : तान्हे मूल मतदान करू शकत नाही, तरी ते देशाचे नागरिक असतेच, मग बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचे सदस्य का नाही?

याच पुस्तकात ख्रिस्ती वंशाने संख्येच्या बळावर इतरांना मागे टाकावे, असे प्रतिपादन करणारे प्रकरणही आहे. ते आज वाचवत नाही. १८६९ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध एक सबंध ग्रंथ लिहिला. घरात आईला एवढे सामर्थ्य देणाऱ्या माणसाला तिच्या हाती मतपत्रिका मात्र नको होती.

गलिच्छ वस्तीच्या जागी सार्वजनिक उद्यान व्हावे म्हणून बुशनेल यांनी हार्टफर्डच्या नागरिकांपुढे आग्रह धरला होता आणि १८५४ मध्ये मतदारांनी त्याला कौल दिला होता. १७ फेब्रुवारी १८७६ रोजी बुशनेल वारले. त्याच्या अवघे काही दिवस आधी नगरपालिकेने उद्यानाला त्यांचे नाव देण्याचे ठरवले होते. त्यांचे चरित्र आणि पत्रे पुढे १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. ती सिद्ध केली त्यांची मुलगी मेरी हिने.