तांब्याचा जंतुनाशक गुण तपासणारे कार्ल नेगेली

तुमच्या घरी तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवत असतील. असे पाणी सूक्ष्म जिवांना का मारते, याचा प्रयोगशाळेत कसून शोध घेतला तो कार्ल विल्हेल्म फॉन नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने.

त्यांचा जन्म १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळ झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही वैद्यकाचे शिक्षण सुरू केले, पण मन रमले वनस्पतींत. १८५७ पासून अखेरपर्यंत ते म्युनिकला प्राध्यापक होते. शाळेत तुम्ही मेंडेलचे वाटाणे शिकला असाल. मेंडेलने आपला निबंध पाठवला तो यांनाच, आणि त्याचे महत्त्व यांना कळले नाही. जिवाणूंच्या ठरावीक जाती नसतात, ते रूप बदलतात, हे त्यांचे मतही चुकीचे ठरले. इतक्या हुशार माणसाचे असे व्हावे, याचे नवल वाटते.

तांब्याच्या बाबतीत मात्र त्यांची नजर पक्की होती. स्पायरोगायरा हे शेवाळ काही पाण्यात मरत होते. कारण शोधता शोधता ते तांब्यापर्यंत पोहोचले. नाणी पाण्यात ठेवून काढून घेतली, तरी ते पाणी घातकच राहायचे. कोट्यवधी भाग पाण्यात एक भाग तांबेसुद्धा पुरेसे होते. या परिणामाला त्यांनी ‘ऑलिगोडायनॅमिक’ हे नाव दिले. याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: पाण्यात गंधक किंवा कोळशासारखी न विरघळणारी पूड टाकली की मारक गुण कमी होई, कारण तांबे त्या कणांना चिकटून बसे. १८९१ मध्ये ते वारले. हे काम छापून आले १८९३ मध्ये.

आज रुग्णालयातील दाराच्या मुठी, खाटांचे कठडे तांब्याच्या मिश्रधातूंचे करतात, तेव्हा हीच अडचण समोर येते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अशा मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून मान्यता दिली. पण धातूतून आयन सुटून जंतूपर्यंत पोहोचले, तरच उपयोग. चमक टिकावी म्हणून लावलेले लॅकर किंवा मेण ती वाटच बंद करते. हातांचा तेलकटपणा, रक्ताचे वाळलेले डागही तेच करतात. ईडीटीए असलेले क्लीनर तांब्याचे आयन पकडून ठेवतात. हवेतील गंधकाच्या वायूंनी चांदीवर काळा सल्फाइडचा थर येतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून चांदीचे आयन कमी सुटतात. तांब्यावरचा तपकिरी थर मात्र दरवेळी वाईट नसतो. लालसर ऑक्साइडमध्ये बराचसा गुण टिकतो, काळ्या ऑक्साइडमध्ये तो कमी असतो.

तेव्हा तुमच्या दवाखान्यात तांब्याच्या मुठी असतील, तर त्या झळाळत नाहीत म्हणून तक्रार करू नका. त्यांवर पॉलिशचा थर चढवला आहे का आणि त्या रोज पुसल्या जातात का, एवढे जरूर विचारा. आणि मूठ कोणत्याही धातूची असो, रुग्णाला हात लावण्याआधी साबणाने किंवा सॅनिटायझरने हात स्वच्छ करा.