घड्याळाचे टोले ऐकणारी संत

संतचरित्रे वाचताना मला नेहमी एक अडचण येते. संत डोळे मिटतात आणि त्यांची समाधी लागते; आपल्यासारख्या चंचल माणसांनी त्यातून काय घ्यावे? स्पेनमधील आविलाची तेरेसा मला जवळची वाटते ती यामुळेच. मौन साधायला तिला जवळजवळ वीस वर्षे लागली आणि तिने ते स्वतःच लिहून ठेवले.

तिचा जन्म २८ मार्च १५१५ चा. घर संपन्न, मुलगी बोलकी व शौर्यकथांची शौकीन. आई लहानपणीच वारली. १५३५ मध्ये वडिलांचा विरोध असताना ती घरातून निघाली आणि कार्मेल पंथाच्या मठात दाखल झाली. पुढे दुर्धर आजाराने तिला गाठले. उपचारांसाठी जाताना वाटेत एका चुलत्यांनी तिला फ्रान्सिस्को दे ओसुना याचे पुस्तक दिले. मन आत वळवून निःशब्द प्रार्थना कशी करावी, हे त्यात सांगितले होते. तिने तीच वाट धरली. त्यानंतर आजार इतका बळावला की सुमारे चार दिवस ती बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता. ती वाचली, पण तीनेक वर्षे अंग लुळे राहिले.

शरीर सावरले, मन मात्र स्थिरावेना. मठात दीडशेहून अधिक स्त्रिया आणि पाहुण्यांची सतत वर्दळ. प्रार्थनेला बसली तरी तिचे कान घड्याळाच्या टोल्यांकडे असत. हाताशी पुस्तक नसेल तर तिला बसवत नसे. मध्यंतरी वर्षभर तिने ही प्रार्थना सोडूनही दिली. मग पुन्हा बसू लागली. १५५४ च्या सुमारास जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे तिला रडू कोसळले, आणि तेथून वाट मोकळी झाली.

काळ मात्र प्रतिकूल होता. बायकांनी ठरावीक प्रार्थना म्हणाव्यात, मौनाच्या भानगडीत पडू नये, असे अनेक धर्मपंडितांचे मत होते. १५५९ मध्ये इन्क्विझिशनने लोकभाषेतील कित्येक धार्मिक पुस्तकांवर बंदी घातली. लॅटिन न जाणणाऱ्या तेरेसाला हा मोठाच आघात होता. पुढे आपल्या भगिनींसाठी तिने स्वतःच स्पॅनिशमध्ये पुस्तके लिहिली.

१५६२ मध्ये तिने आविलातच एक छोटा मठ काढला. तेथे सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास मौन प्रार्थना असे. तिची शिकवण साधी होती: प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण कोणाशी बोलतो आहोत याचे भान ठेवावे, मौन त्या भानातूनच उगवते. हे मौन तिला आळशी करणारे नव्हते. गाड्यांतून, उन्हापावसात, कर्जाची व खरेदीखतांची कटकट सोसत तिने काम वाढवले. तिच्या हयातीत असे सतरा मठ उभे राहिले. १५७७ मध्ये ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ लिहिताना तिच्या डोक्यात एकसारखा आवाज घुमत असे. तरीही तिला उमगले की विचारांचा गलबला वेगळा आणि आत्म्याचा गाभा वेगळा; गलबल्याशी झगडत बसू नये. मला हीच तिची सर्वांत मोलाची देणगी वाटते.

४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे तिचे निधन झाले. १९७० मध्ये पोपनी तिला चर्चच्या आचार्यांमध्ये स्थान दिले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. ज्या वाटेला बायकांनी जाऊ नये असे पंडित सांगत, त्याच वाटेची ती आचार्य ठरली.