संत ऑगस्टीन आणि शेजारचे झाड



२८ ऑगस्ट रोजी आपण संत ऑगस्टीन ह्यांचा सण साजरा करतो आणि आदल्या दिवशी त्यांची आई संत मोनिका हिचा. आईने मुलासाठी गाळलेल्या अश्रूंविषयी आपण प्रवचनांत पुष्कळदा ऐकले आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट एका फळझाडाची.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील थगास्ते गावी झाला. आज हा भाग अल्जीरिया देशात आहे. घरची परिस्थिती बेताची होती. सोळाव्या वर्षी पैशाअभावी त्याचे शिक्षण थांबले आणि मुलगा घरी बसला. रिकामा वेळ आणि सोबतीला टोळके! त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ दुसऱ्या कोणाचे तरी नासपतीचे झाड होते. एका रात्री उशिरा ही पोरे तेथे गेली, झाड हलवून हलवून रिकामे केले आणि फळांचे ओझे घेऊन पळाली. दोनचार फळे चाखली, बाकीची डुकरांपुढे टाकली.

फळे दिसायला सुंदर नव्हती, चवीलाही खास नव्हती. ऑगस्टीनला भूक लागली नव्हती. त्याच्या घरी ह्याहून चांगली फळे होती.

आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत अशी टोळी कोणाच्या ना कोणाच्या कुंपणावर असतेच, आणि पोरेच ती, म्हणून आपण हसून सोडून देतो. ऑगस्टीन ह्यांनी मात्र ते हसण्यावारी नेले नाही. चाळिशी ओलांडल्यावर, बिशप झाल्यावर लिहिलेल्या 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथात त्यांनी ह्या चोरीवर पाने खर्च केली आहेत. काहींना ते अति वाटते. आम्हांलाही पूर्वी वाटे. पण त्यांची बोच समजून घ्यावी. गरजेपोटी केलेल्या चोरीला निदान कारण तरी असते. इथे गोडी फळांत नव्हती, दुसऱ्याचे घेण्यात होती. आणि एकटा असतो तर आपण हे केलेच नसते, असेही ते कबूल करतात. मिस्सा संपल्यावर पाऊस आला की ओसरीतली हाताला लागेल ती छत्री उचलून आपण घरी जातो, ती परत करायचे राहून जाते, आणि सगळेच असे करतात म्हणून मनाला काही लागत नाही. तिथे हीच सोबत आपल्याला बळ देत असते.

३८७ साली पास्काच्या रात्री मिलान शहरात संत आंब्रोज ह्यांच्या हस्ते ऑगस्टीन ह्यांचा बाप्तिस्मा झाला. मायदेशी परतल्यावर वडिलोपार्जित थोडीशी जमीन होती, तीही त्यांनी सोडली. पुढे ते हिप्पो ह्या बंदराच्या गावी धर्मगुरू व नंतर बिशप झाले. त्यांच्या घरात राहणाऱ्या धर्मगुरूंनी स्वतःचे असे काही ठेवायचे नाही, सर्व सामाईक, असा नियम होता.

४२५ साली ह्याच नियमाने पेच आणला. जनुआरियस नावाचे एक धर्मगुरू मरण पावले. आपल्याजवळ काही नाही असे ते म्हणत. प्रत्यक्षात त्यांनी पैसे राखून ठेवले होते आणि मरताना ते हिप्पोच्या ख्रिस्तसभेच्या नावे केले. त्यांची मुलगी व मुलगा दोघेही मठात राहत होते. दोघांनाही वारसा नाकारला होता.

ख्रिस्तसभेला पैशाची गरज नव्हती असे नाही. पण ऑगस्टीन ह्यांनी ती देणगी घेतली नाही. मुलांना वगळून जो आपली मालमत्ता ख्रिस्तसभेला देऊ पाहतो, त्याने ती घेणारा दुसरा कोणी शोधावा, असे त्यांनी प्रवचनातच लोकांना सांगितले. कार्थेजचे बिशप ऑरेलियस ह्यांचे उदाहरणही त्यांनी दिले. एका निपुत्रिक माणसाने सारी मालमत्ता ख्रिस्तसभेला दिली होती. पुढे त्याला मुले झाली, तेव्हा बिशपांनी त्याने न मागताच सर्व परत केले. कायद्याने ते ठेवून घेता आले असते.

आम्हांला वाटते, नासपतीच्या झाडाखाली जे कळले ते इथे कामी आले. देवाच्या नावाने आलेली वस्तूही दुसऱ्याची असू शकते! आपल्या घरांतून जागेच्या वाटण्या होतात, बहिणीची सही घाईघाईने घेतली जाते, आणि त्याच पैशातून चर्चला देणगीही दिली जाते. ती देणगी ऑगस्टीन ह्यांच्यासमोर ठेवली तर ते काय करतील, ह्याचा विचार घरी जाऊन जरूर करावा.

पैसे नाकारल्यावर त्या भावंडांतच वाद लागला. मुलगी म्हणे माझे, मुलगा म्हणे माझे. तो वाद सोडवण्याचे कामही म्हाताऱ्या बिशपांनीच अंगावर घेतले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीपलीकडे होते.

२८ ऑगस्ट ४३० रोजी, व्हॅंडाल टोळ्यांचा हिप्पोला वेढा पडलेला असताना, ऑगस्टीन ह्यांनी प्राण सोडला. त्यांनी मृत्युपत्र केले नाही. नावावर करून द्यावे असे त्यांच्याजवळ काही उरलेच नव्हते. पुस्तके तेवढी नीट सांभाळा, पुढच्यांना लागतील, असे ते पुन्हा पुन्हा बजावून गेले. ती पुस्तके ख्रिस्तसभेची होती.