बाणस्तारीचा फितूर


जुन्या गोव्याहून फोंड्याकडे जाताना बाणस्तारीचा पूल लागतो. फणसवाडीतून सुट्टीला गोव्यात जाणाऱ्यांनी तो पाहिला असेल. तेथील किल्ला 1512 साली पडला, तेव्हा फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई हाती लागला. स्वकीयांना आणि ख्रिस्ती श्रद्धेला सोडून तो आदिलशाही सैन्याला मिळाला होता. तहात अशा फितुरांना जीवदान देण्याचे ठरले होते. अल्बुकर्कने त्यांना जिवंत ठेवले, पण त्यांचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापून! याला शब्द पाळणे म्हणावे का, असा आम्हाला प्रश्न पडतो.

पुढे मायदेशी जाताना जहाज सेंट हेलिना या निर्मनुष्य बेटावर थांबले आणि लोपिश तेथेच रानात लपला. घरच्यांना कोणत्या तोंडाने भेटणार? नंतरही जहाज आले की तो दडून बसे. खलाशी त्याच्यासाठी अन्न, कपडे किनाऱ्यावर ठेवून जात. एक कोंबडा त्याचा सोबती झाला. उरलेल्या एका हाताने, तोही अंगठ्याविना, त्याने झाडे लावली, जनावरे पाळली.

बऱ्याच वर्षांनी तो रोमला गेला. पोप सातवे क्लेमेंट यांच्याकडून त्याला पापक्षमा मिळाली. कापलेला हात काही परत आला नाही; पण ख्रिस्तसभेने त्याला पुन्हा आपले लेकरू मानले. पोपनी त्याची इच्छा विचारली, तेव्हा त्याने आपले बेटच मागितले. या खेपेस तो लपायला गेला नसावा, असे आम्हाला वाटते. तेथेच 1545 च्या सुमारास तो मरण पावला.